नंदादीप आणि मेन स्विच : क्वचित उघडणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंतील वीजयोजनेची समीक्षा

१

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात दगड, चुना, लाकूड आणि शिल्प यांचा विचार विस्ताराने येतो. विजेच्या तारेचा विचार बहुधा येत नाही. तार ही वास्तूच्या बाहेरची, कंत्राटदाराच्या कक्षेतील आणि सर्व काम आटोपल्यावर उरकावयाची बाब, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत टिकणारी नाही. जुन्या वास्तूत एकदा वीज गेली की ती त्या वास्तूचा वापर, तिचे आयुष्य आणि तिचे दर्शन या तिन्ही गोष्टी ठरवू लागते. म्हणून खांबाच्या शीर्षाची किंवा शिखराच्या घडणीची समीक्षा जितक्या गांभीर्याने व्हावी तितक्याच गांभीर्याने तिच्या वीजयोजनेचीही व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात हा विचार वास्तूंच्या एका विशिष्ट वर्गापुरता केला आहे. वर्षातील बहुतेक दिवस ज्या बंद, रिकाम्या किंवा अर्धवट वापरात असतात आणि एखाद्या उत्सवाच्या निमित्ताने ज्या एकाएकी माणसांनी भरून जातात, अशा वास्तूंचा हा वर्ग होय. ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरात आणि एकंदर महाराष्ट्रात अशा वास्तू पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीचे व्यवहारातील मत असे की, जी वास्तू क्वचितच उघडते तिला वीजही बेताचीच पुरे. दोन-चार दिवे आणि उत्सवापुरती तात्पुरती जोडणी यांवर भागते. हे मत मुळातच उलटे आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे. क्वचित वापर हे विजेच्या बाबतीत सवलतीचे कारण नसून अधिक कठोरतेचे कारण आहे.

२

प्रथम ‘क्वचित वापर’ म्हणजे काय ते निश्चित केले पाहिजे. ठाण्याचे कौपिनेश्वर मंदिर किंवा त्याच शहरातील १८७९ सालचे शार हाशामाईम हे सिनेगॉग यांना जुनी वास्तू म्हणता येईल, पण क्वचित वापराची म्हणता येणार नाही. तेथे नित्य माणसाचा वावर आहे. दिवा लुकलुकला, बटण गरम लागले, रबर जळल्यासारखा वास आला, तर तो कोणाच्या तरी लक्षात येतो. असा वावर हीच विजेची पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी असते.

याच्या उलट दोन स्थळे पाहावी. कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतल्यानंतरच्या काळातील आहे आणि मराठ्यांच्या आरमाराच्या आरंभाशी त्याचे नाव जोडलेले आहे. एरवी शांत असणाऱ्या या टेकडीवर नवरात्रात दर्शनासाठी आणि जत्रेसाठी लोटणारी गर्दी कल्याणकरांच्या परिचयाची आहे. दुसरे स्थळ कल्याणपासून जवळच, वालधुनी नदीच्या काठी असलेले अंबरनाथचे शिवमंदिर. शिलालेखातील शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या वर्षामुळे शिलाहार नृपती माम्वाणि याच्या काळाशी त्याचा संबंध निश्चित झालेला आहे. येथे पूजा नित्य चालते, हे खरे. परंतु नित्याचा वावर आणि महाशिवरात्रीचा वावर यांत जे अंतर आहे ते केवळ संख्येचे नाही. रोज मूठभर माणसांना पुरणारी वाट त्या एका दिवशी अखंड रांगेची वाट होते.

म्हणजे अशा वास्तूला वापराची दोन माने असतात. एक जवळजवळ शून्याचे, दुसरे परमावधीचे; आणि या दोहोंच्या मधले मान, ज्यावर एरवी आपल्या सर्व इमारतींची वीजयोजना आखली जाते, ते येथे अस्तित्वातच नसते. सरासरीवर आखलेली योजना अशा वास्तूच्या दोन्ही अवस्थांत चुकते. रिकाम्या दिवसांत ती अनावश्यकपणे जिवंत राहते आणि भरलेल्या दिवशी अपुरी पडते.

३

रिकाम्या वास्तूतील तारेचे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कोकणपट्टीच्या या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बंद दालनात ही ओल साचून राहते. जंक्शन बॉक्समध्ये दमटपणा शिरतो, पितळी पेचांवर हिरवा गंज चढतो, उंदीर तारांची आवरणे कुरतडतात, वाळवी लाकडी पट्ट्या पोखरते. ज्या वास्तूंत विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे, लाकडी पट्टीवर रबरी आवरणाच्या तारा ठोकून केलेले वायरिंग शिल्लक असते, तेथे ते रबर कालांतराने इतके ठिसूळ होते की हात लावताच त्याचा भुगा पडतो. जोवर हात लागत नाही तोवर ते शाबूत दिसते.

या जीर्णतेचे सर्वांत धोक्याचे रूप म्हणजे सैल झालेला सांधा. दहा अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या तारेच्या एका सांध्यात केवळ एक ओहम इतका अवरोध निर्माण झाला, तर त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत शंभर वॅट उष्णता उत्पन्न होते. जुन्या काळी एखादी खोली उजळणाऱ्या बल्बाची सर्व शक्ती एका पेचाभोवती कोंडली जावी, तसा हा प्रकार होय. आणि येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एमसीबी हे उपकरण मर्यादेबाहेरचा प्रवाह ओळखते. आरसीसीबी हे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखते. सैल सांध्यातून वाहणारा प्रवाह मात्र मर्यादेतही असतो आणि आपल्या मार्गानेच जात असतो. त्यामुळे दोन्ही उपकरणे उत्तम स्थितीत असूनही गप्प राहतात. नवे बोर्ड बसविले म्हणजे जुनी वास्तू सुरक्षित झाली, हा समज म्हणूनच भ्रामक आहे.

हा सांधा वर्षभर निरुपद्रवी असतो, कारण त्यातून फारसा प्रवाह जातच नाही. उत्सवाच्या दिवशी मंडपवाला त्याच मेन स्विचवरून ध्वनिक्षेपक, पंखे, हॅलोजन आणि दिव्यांच्या माळा जोडतो. म्हणजे तारेची परीक्षा नेमकी त्या घटकेला होते जेव्हा वास्तू माणसांनी भरलेली असते. क्वचित वापराच्या वास्तूतील धोक्याचे मर्म येथे आहे.

आग माणसांच्या गर्दीतच लागते असेही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीची ही घटना. शॉर्ट सर्किटचा संशय त्याच वेळी व्यक्त झाला होता. ते नाट्यगृह नित्य वापरातील होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. नाटकमंडळींचा सतत राबता असलेल्या वास्तूची जर एका रात्रीत ही गत होते, तर महिनोन्महिने कुलुपात असणाऱ्या वास्तूविषयी निश्चिंत राहण्यास कोणता आधार आहे? रिओ दि जानेरो येथील ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ रोजी दारे बंद झाल्यानंतर पेटले. चौकशीत आगीचा उगम सभागृहातील वातानुकूलन यंत्राशी असल्याचे निष्पन्न झाले. इंग्लंडमध्ये २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसर किल्ल्याच्या खाजगी प्रार्थनागृहात प्रखर दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला आणि शंभराहून अधिक दालनांची हानी झाली. तिन्ही वास्तूंचे देश, रूप व उपयोग भिन्न आहेत. परंतु जतनाच्या दृष्टीने धडा एकच आहे. शतकांच्या ऊनपावसाला पुरून उरलेली वास्तू एका दिव्याला किंवा एका यंत्राला पुरून उरेलच असे नाही.

४

आतापर्यंतचा विचार वास्तूच्या सुरक्षेचा झाला. यावरून सुचणारा साधा उपाय असा की, वास्तू बंद असताना मेन स्विचच बंद ठेवावा. प्रवाहच नसेल तर सांधा तापणार नाही, उंदराने तार कुरतडली तरी ठिणगी उडणार नाही. हा उपाय खरोखरच योग्य आहे. परंतु तो स्वीकारताच दुसरा प्रश्न उभा राहतो आणि या विषयाचा खरा पेच त्यातच आहे.

संकटकालीन दिवा म्हणजे मुख्य वीज गेल्यावर आपोआप लागणारा, बॅटरीवर चालणारा दिवा. त्याचे महत्त्व सांगण्यासाठी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे स्मरण पुरेसे आहे. १३ जून १९९७ रोजी तेथे लागलेल्या आगीत ५९ माणसे मृत्यू पावली, ती प्रामुख्याने धुराने गुदमरून. संकटकालीन दिव्यांचा अभाव आणि जादा आसनांनी अडलेली वाट या दोन्ही गोष्टी पुढे न्यायालयीन निर्णयांत ठळकपणे नोंदल्या गेल्या. अंधार आणि धूर एकत्र आले की ओळखीची वाटही अनोळखी होते. मग जी वाट माणूस वर्षातून एकदाच तुडवितो तिचे काय व्हावे?

आता पेच असा. संकटकालीन दिव्याची बॅटरी सतत भारित राहावी लागते. मेन स्विच बंद केला की भार येणे थांबते, बॅटरी हळूहळू आपोआप रिकामी होते आणि शिसे-आम्ल जातीची असल्यास त्या स्थितीत दीर्घकाळ राहून कायमची निकामी होते. म्हणजे वास्तूच्या हिताचे जे, ते माणसांच्या अहिताचे. आणि माणसांच्या हिताचे जे, म्हणजे अखंड चालू वीज, ते वास्तूच्या अहिताचे. प्रचलित व्यवहारात या पेचाची जाणीवच दिसत नाही. बाजारातून आणलेला संकटकालीन दिवा भिंतीला लावला जातो, त्यावरील तांबडा-हिरवा ठिपका उद्घाटनाच्या दिवशी चमकतो, आणि मग महिनोन्महिने मेन स्विच बंद राहिल्यावर त्या दिव्याचे केवळ कवच उरते. भिंतीवर नसलेल्या दिव्यापेक्षा भिंतीवर असलेला मृत दिवा अधिक घातक होय. कारण त्याच्या भरवशावर हातातील विजेरी घरी ठेवली जाते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेने या दिव्यांविषयी स्पष्ट अपेक्षा नमूद केल्या आहेत. सुटकेच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीवर किमान १० लक्स प्रकाश असावा, वीज गेल्यावर तो त्वरेने लागावा आणि किमान दीड तास टिकावा, असे ती सांगते. युरोपीय मानकात मध्यरेषेवर १ लक्स पुरेसा मानला आहे, हे पाहता आपली संहिता कडक आहे असेच म्हणावे लागेल. ऐतिहासिक वास्तूच्या नावाखाली ही कडक अट शिथिल करावी, असा एक सूर कधी कधी निघतो. तो मान्य करता येत नाही. जुन्या वास्तूत उंबरठे उंच असतात, पायऱ्यांची उंची सारखी नसते, चौकटीची गणेशपट्टी कपाळाच्या पातळीवर येते. अंबरनाथला तर मंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते आणि त्याच पायऱ्यांनी वर यावे लागते. आधुनिक सभागृहातील सपाट वाटेपेक्षा येथे प्रकाशाची गरज अधिक आहे.

तथापि संहितेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वाटेचा विचार सलग पट्टा म्हणून करते. जुन्या वास्तूत वाट ही थांब्यांची मालिका असते. उंबरठा, पायरी, वळण, दरवाजा ही ती स्थाने. एकसारखा प्रकाश सर्वत्र पसरण्यापेक्षा या स्थानांवर तो नेमका आणि भरपूर पडणे अधिक महत्त्वाचे आहे. शिवाय दिवा हा दरवाजाला पर्याय नाही. ज्या दालनाला आत-बाहेर जाण्यास एकच दार आहे, तेथे एका वेळी किती माणसे आत असावी याची मर्यादा हीच मुख्य सुरक्षा होय. दिवा तिच्या मदतीला आहे, तिच्या जागी नाही.

५

या प्रश्नावर जतनाच्या क्षेत्रात तीन भूमिका आढळतात. त्यांची परीक्षा आवश्यक आहे.

पहिली भूमिका शुद्धिवाद्यांची. जी वास्तू विजेच्या पूर्वीची आहे तिच्यात वीज नकोच, असे ते म्हणतात. या भूमिकेत एक सत्य आहे. अंबरनाथच्या मंडपातील मंद उजेड आणि पायऱ्या उतरल्यावर वरच्या अपूर्ण भागातून गर्भगृहात येणारा आकाशाचा प्रकाश हा आज त्या वास्तूच्या अनुभवाचा अविभाज्य घटक आहे. तेथे पांढऱ्या नळीदिव्यांचा लखलखाट करणे म्हणजे शिल्पांच्या छाया पुसून टाकणे होय. परंतु शुद्धिवादी एक गोष्ट विसरतात. कायम योजना नाकारल्याने वीज टळत नाही. ती तात्पुरत्या रूपाने येते. खांबाला सुतळीने बांधलेली, पायरीवरून लोळणारी, टेपने जोडलेली ती तार असते. कोणीही तिचा आराखडा काढलेला नसतो आणि उत्सव संपल्यावर तिच्यासाठी ठोकलेले खिळे तसेच राहतात. विजेला दिलेला नकार अशा रीतीने सर्वांत निकृष्ट विजेला दिलेली संमती ठरतो.

दुसरी भूमिका लपवणुकीची. तार दिसू नये म्हणून भिंतीत खाचा पाडून ती गाडावी आणि वर चुना लिंपावा. ही भूमिका सौंदर्यदृष्टीची वाटते, पण तिने दुहेरी हानी होते. चुनेगच्ची भिंतीत किंवा दगडाच्या सांध्यात पाडलेली खाच कधीच पूर्ववत् होत नाही. आणि गाडलेली तार पाहता येत नसल्याने तिची जीर्णता कळत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने नव्याने कराव्या लागणाऱ्या कामावर आपल्या काळाची मुद्रा असावी आणि ते मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे, असे तत्त्व मांडले आहे. ते जीर्णोद्धाराच्या संदर्भात मांडले असले तरी तारेलाही लागू करण्यास हरकत नाही. भिंतीला स्पर्श न करता कोपऱ्यातून, तुळईच्या बाजूने, सांध्यातील चुन्यावर बसविलेल्या पकडींनी नेलेली तांब्याची बारीक केबल दिसली तरी ती वास्तूचा अपमान करीत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडचे आवरण आणि वरून तांब्याचे कवच असलेली खनिज-आवरणाची केबल या कामी विशेष उपयुक्त आहे. तिच्यात जळण्यासारखे काहीच नसते आणि ती उंदरालाही दाद देत नाही.

तिसरी भूमिका रोषणाईची, आणि आज तीच सर्वांत बलवान आहे. किल्ल्याच्या तटावर, मंदिराच्या शिखरावर, वाड्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत प्रकाशझोत टाकले की वारसा उजळला, असे मानले जाते. रोषणाई सर्वस्वी त्याज्य आहे असे नव्हे. परंतु तिच्यातील मूल्यविवेक तपासावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्यासाठी भरपूर प्रकाश आणि आत शिरणाऱ्यासाठी काहीच नाही, अशी वाटणी ती करते. वास्तू ही रस्त्यावरून पाहावयाची आकृती आहे की आत शिरून अनुभवावयाचा अवकाश आहे, या वास्तुविचारातील मूलभूत प्रश्नाला रोषणाईने नकळत पहिले उत्तर दिलेले असते. टीकेचा खरा रोख विजेवर नसून या उत्तरावर आहे.

सौंदर्य आणि सुरक्षा यांचा येथे विरोध आहे, असेही मानण्याचे कारण नाही. संकटकालीन दिवा हा असा एकमेव दिवा आहे की जो एरवी विझलेलाच असतो. पायरीलगत, घोट्याच्या उंचीवर, आच्छादित ठेवलेला असा दिवा मंडपाच्या अंधाराला हात लावीत नाही. फक्त ज्या क्षणी अंधार वैरी होतो त्या क्षणी तो जागा होतो. वास्तूच्या मूळ प्रकाशयोजनेशी इतका आदराने वागणारा दुसरा दिवा नाही.

६

चौथ्या विभागात मांडलेल्या पेचाकडे आता परत यावे. त्याचे उत्तर शोधताना आपल्या परंपरेतील दिव्यांच्या व्यवस्थेकडे पाहणे निष्फळ ठरत नाही. देवळाची दीपमाळ ही अंगणात, देवळापासून अलग, दगडाची असते. उत्सवाचा सर्वांत मोठा जाळ अशा रीतीने वास्तूबाहेर ठेवलेला असतो. वाड्यातील दिवळी ही भिंतीच्या जाडीत कोरलेली, लाकडी खांब-तुळयांपासून दूर असलेली जागा असते. आणि नंदादीप अखंड जळतो, पण तो कधीच बेवारशी नसतो. त्याची वात सारणारे व तेल घालणारे माणूस नेमलेले असते आणि त्या तेलाची सोय म्हणून दिवाबत्तीसाठी इनामे दिलेली असत. जाळ बाहेर, आतला दिवा निर्धोक जागी, आणि अखंड दिव्यामागे नेमलेले माणूस व कायमची तरतूद, अशी ही तीन तत्त्वे होत. ती तेलाच्या दिव्यासाठी घडली, पण विजेला तितकीच लागू पडतात.

पहिल्या दोन तत्त्वांनी पेच सुटतो. बॅटरी आणि तिला भार देणारे यंत्र वास्तूच्या आत न ठेवता बाहेर, पहारेकऱ्याच्या खोलीत किंवा प्रवेशाजवळच्या स्वतंत्र दगडी-विटांच्या कोनाड्यात ठेवावे. तेथे वीज सदैव चालू राहील. मुख्य वास्तूचा मेन स्विच मात्र एरवी बंद राहील. आत जाईल ती केवळ १२ किंवा २४ व्होल्टची, योग्य फ्यूजने बांधलेली बारीक केबल, आणि तीही वास्तू उघडी असतानाच जागी होईल. यासाठी लागणारी शक्ती किती अल्प आहे ते पाहण्यासारखे आहे. तीन वॅटचे दहा एलईडी दिवे दीड तास चालविण्यास ४५ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या एका लहान बॅटरीत ८४ वॅट-तासांचा साठा असतो. जलद वापरात त्यातील काही भाग हाती लागत नाही आणि वयाबरोबर क्षमता घटते, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट क्षमता धरावी; तरीही ही सारी सामग्री एका कोनाड्यात मावते. खर्चाची सबब येथे पुढे करता येणार नाही.

एक सूक्ष्म अडचण उरते. वास्तू बंद करताना मुद्दाम मेन स्विच पाडला, तर वीज गेली असे समजून संकटकालीन दिवे लागतील आणि बॅटरी व्यर्थ रिकामी होईल. म्हणून त्यांना झोपविणारा एक वेगळा स्विच लागतो. आणि असा स्विच म्हटला की उत्सवाच्या दिवशी तो परत चालू करावयाचा राहून जाण्याची शक्यता आलीच. यावर उपाय स्मरणशक्तीचा नको, किल्लीचा हवा. हा स्विच ‘जागृत’ स्थितीत आणल्याखेरीज ज्यातून महाद्वाराची किल्ली निघणारच नाही, असे कुलूप वापरावे. दार उघडले याचाच अर्थ दिवे सज्ज आहेत, असा मग होतो. कारखान्यांतील धोकादायक यंत्रांसाठी ही पद्धत जुनीच आहे. वारसावास्तूत ती आणण्यास कोणतीही खाच पाडावी लागत नाही.

मंडपवाल्याच्या तात्पुरत्या जोडणीलाही दीपमाळेचाच न्याय लावावा. ध्वनिक्षेपक, पंखे आणि माळा यांसाठी अंगणात, वास्तूपासून अलग असा स्वतंत्र खांब आणि स्वतंत्र मीटर असावा. वास्तूच्या आतील बोर्डावरून उत्सवाची एकही तार निघू नये. असे केले म्हणजे वर्षभर निजलेल्या सांध्याची परीक्षा गर्दीच्या दिवशी होणार नाही.

७

तिसरे तत्त्व, म्हणजे नेमलेले माणूस आणि कायमची तरतूद, हे मात्र अभियंत्याच्या हाती नाही; ते कायद्याच्या आणि संस्थेच्या हाती आहे. त्या दृष्टीने विद्यमान नियमांत दोन उणिवा दिसतात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा योजना सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. नित्य वापराच्या इमारतीला हे वेळापत्रक योग्य आहे. परंतु ज्या वास्तूचा खरा वापर नवरात्रात होतो तिच्या बाबतीत जुलैचे प्रमाणपत्र पावसाच्या मध्यावर मिळते. त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांच्या ओलीने जे काही बिघडावयाचे ते प्रमाणपत्र हाती असतानाच बिघडते. क्वचित वापराच्या वास्तूची तपासणी पंचांगावर बेतलेली असावी. उत्सवापूर्वी आठ-दहा दिवसांच्या आत तारांचा रोधनावरोध मोजावा, सांधे उघडून पाहावेत आणि संकटकालीन दिवे पूर्ण दीड तास जाळून पाहावेत. बटण दाबून क्षणभर दिवा लागला यावरून बॅटरीची खरी अवस्था कळत नाही.

दुसरी उणीव केंद्र-संरक्षित स्मारकांविषयीची आहे. १९५८ च्या अधिनियमाखालील १९५९ च्या नियमांत संरक्षित स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम करावयास परवानगीची अट आहे; मान्य धार्मिक रूढीनुसार होणाऱ्या मेळाव्यांना मात्र ती नाही. श्रद्धेच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही सूट रास्त आहे आणि ती काढून घ्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. पण तिचा परिणाम असा होतो की, शंभर श्रोत्यांच्या गायनाला जी पूर्वतपासणी घडू शकते ती हजारोंच्या यात्रेला परवानगीच्या वाटेने घडत नाही. परवानगी नको असली तरी तपासणी नको असे त्यातून निघत नाही, हे स्पष्ट करणारी तरतूद हवी.

जतनाच्या खर्चाची आपली रीतही येथे आड येते. दिवे बसविण्याचा खर्च एकदाच होतो, त्याचे उद्घाटन होते, फलक लागतो. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलण्याचा, दर उत्सवापूर्वी जाणकार माणूस बोलावण्याचा आणि त्याने नोंदवहीत सही करण्याचा खर्च लहान असतो, पण तो कोणाच्याच नावावर नसतो. ज्यांनी पूर्वी दिवाबत्तीसाठी इनामे लावून दिली, त्यांना दिवा देण्यापेक्षा तेल देणे अवघड असते, हे ठाऊक होते. वीजयोजना मंजूर करताना तिच्या वार्षिक निगेची तरतूद आणि त्या कामावरील व्यक्तीचे पद ठरवून दिले नसेल, तर ती योजना अपूर्ण समजून परत पाठवावी.

वारसावास्तूंच्या वीजयोजनेचे मूल्यमापन करताना अभ्यासकांनी यापुढे चार प्रश्न विचारावेत. वास्तू बंद असताना आत वीज जिवंत आहे काय? वास्तू भरलेली असताना वीज गेली, तर प्रत्येक उंबरठ्यावर आणि पायरीवर एका सेकंदात दिवा लागेल काय? ही सारी योजना उद्या काढून घेतली, तर भिंतीवर तिची खूण उरेल काय? आणि तिच्यात तेल घालणारे माणूस कोण? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात सापडतील. चौथ्याचे उत्तर ज्या योजनेत नसेल ती आराखड्यात कितीही निर्दोष असली तरी तिला जतन म्हणता येणार नाही.